विहिरीच्या तळाला हात लावायचा नाही

सकाळी मोरीतला नळ उघडला की तो आधी खोकायचा. मग फुस्स करून नुसती हवा, मग दोन पिचकाऱ्या, मग पुन्हा हवा. बादलीचा तळ जेमतेम ओला व्हायचा आणि तेवढ्यात ओसरीवरून सासूबाईंची हाक यायची, "पानी आला का गो?" मी म्हणायचे, "येतंय." हे उत्तर त्या उन्हाळ्यात मी इतक्या वेळा दिलं की पुढेपुढे मला माझ्याच आवाजाची चीड यायला लागली.

गोराईत आमचं घर आहे. लग्न ठरलं तेव्हा मुलुंडच्या माझ्या मैत्रिणी म्हणाल्या होत्या, मजा आहे बाबा, समुद्राकाठी राहणार तू. समुद्र राहिला बाजूला, माझा सगळा जन्म घरामागच्या विहिरीपाशी चालला आहे. खाडी इतकी जवळ असून विहिरीचं पाणी गोड आहे, याचा घरात भारी अभिमान. नळाचं पाणी येतं ते पिण्यापुरतं आणि स्वयंपाकापुरतं. अंघोळी, धुणी, भांडी, संडास आणि सासऱ्यांनी लावलेली झाडं, सगळं विहिरीवर. कठड्याला लागून पंप, पंपातून एक पाइप खाली पाण्यात सोडलेला, दुसरा वर गच्चीवरच्या टाकीत गेलेला. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं म्हणतात. आमच्याकडे आडात भरपूर होतं, पोहऱ्यातच येत नव्हतं.

कारण लाइनीत हवा शिरत होती. पंप असा असतो की त्याच्या पोटात आणि खालच्या पाइपात पाणी भरलेलं असेल तरच तो पाणी ओढतो. हवा असली की नुसता ओरडतो. पाइपाच्या तळाशी, विहिरीच्या पाण्यात, फूटव्हॉल्व्ह असतो. त्यातली झडप पाणी वर जाऊ देते, खाली उतरू देत नाही. म्हणून रात्रभर पाइप भरलेला राहतो आणि सकाळी बटण दाबलं की धार लागते. आमची धार लागत नव्हती. रोज सकाळी पान्याने पंपाच्या डोक्यावरचा बोल्ट खोलायचा, नरसाळं लावायचं, तांब्या तांब्या पाणी ओतायचं. ओतलेलं पाणी डोळ्यांदेखत खाली सरायचं. पुन्हा ओतायचं. बुडबुडे येईनासे झाले की घाईघाईने बोल्ट आवळायचा, बटण दाबायचं आणि पंपावर हात ठेवून ऐकायचं. आवाज जड झाला तर पाणी चढलं. पातळच राहिला तर बंद करा आणि पहिल्यापासून सुरू करा. चढलं तरी भरवसा नाही, टाकी अर्धी होईतो लाइनीत कुठूनतरी हवा घुसायची आणि पंप परत रिकामा ओरडायला लागायचा.

हे सगळं मीच करायचे. नवरा मालाडला एका ऑफिसात हिशेबाचं काम करतो. पहाटे निघतो, दिवेलागणीला येतो. एका रविवारी त्याने हौसेने पंप हातात घेतला आणि फोनवर बोलत बोलत तसाच कोरडा चालू ठेवला. आतलं सील जळलं. तेव्हापासून तो पंपाला हात लावत नाही आणि मी लावूही देत नाही. सासूबाईंनी उभी हयात मासळीची पाटी डोक्यावर वाहिली, आता त्यांचे गुडघे गेले आहेत. ओसरीवरून मोरीपर्यंत येतात तेवढंच. दोरी-बादलीने शेंदणं त्यांच्याने होण्यासारखं नाही. मुलगा नाशिकला शिकतो. म्हणजे घरात पाणी यायचं तर ते माझ्या हातूनच यायचं. मी एक दिवस नसले तर घर कोरडं. कौतुकाने सांगायची गोष्ट नाही ही. दावणीला बांधलेल्या म्हशीलाही आपण गोठ्याची मालकीण आहोत असं कुणी सांगत नाही.

आणि त्याच उन्हाळ्यात मुलुंडला आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं.

आई एकटी राहते. वडील गिरणीत होते, गिरणी गेली, मग तेही गेले. मला भाऊ नाही. आईचा एक डोळा आधीच अधू, त्याने तिला माणूस उभं आहे एवढंच कळतं, कोण ते कळत नाही. दुसऱ्यात मोतीबिंदू पिकलेला. तोच काढायचा होता. ऑपरेशन तसं किरकोळ, सकाळी जा आणि दुपारी घरी या. पण नंतर दिवसातून बऱ्याच वेळा औषधाचे थेंब घालायचे, वाकायचं नाही, चुलीजवळ जायचं नाही, डोळ्याला हात लावायचा नाही. चांगला म्हणावा असा एकच डोळा, त्यावरही पट्टी, आणि घरात ती एकटी. शेजारणी येऊन जाऊन बघतील, पण शेजारीण ती शेजारीण. मी डॉक्टरांकडून तारीख घेतली आणि इकडे पंपवाल्याला फोन केला. दोन्ही कामं एकदमच उरकतील असं मला वाटलं होतं.

बोरिवलीहून प्लंबर आला. त्याने पंपाभोवतीचे सगळे जोड बघितले, साबणाचा फेस लावला, टेप बदलली, जळलेलं सील आधीच बदललेलं होतं तरी पुन्हा तपासलं. एका जोडाशी फेस आत ओढला जात होता, तो त्याने नवा घातला. दोन दिवस पाणी नीट आलं आणि तिसऱ्या दिवशी नळ परत खोकायला लागला. प्लंबर पुन्हा आला. या वेळी त्याने पंपाला हातही लावला नाही. कठड्यावरून खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, "वहिनी, वरचं सगळं टाइट आहे. पंप ताकद लावून ओढतोय, खालून पाणी मिळत नाही, म्हणून मिळेल तिथून हवा खेचतोय. गडबड खाली आहे. फूटव्हॉल्व्ह वर काढून बघायला लागेल. तासाभराचं काम."

सासूबाई ओसरीवर मिरच्यांचे देठ खुडत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "नाय काढायचा."

प्लंबरला वाटलं, पैशांचा प्रश्न असेल. तो कमी करायला लागला. मी त्याला म्हटलं, राहू दे, तू चहा घे.

आमच्या या घराची एक रीत आहे. आजूबाजूला मी चौकशी केली, सगळीकडे नाही, पण आमच्या घराण्यात आहे. दर वर्षी उन्हाळ्यात विहिरीचा उपसा होतो. पाणी काढून टाकायचं, माणसाने आत उतरायचं, तळाचा गाळ खरवडायचा. हे काम घरातल्या कर्त्या पुरुषाचं. तो वारला की त्याचं वर्ष भरेपर्यंत तळाला कुणी हात लावायचा नाही. वरून पाणी घ्या, हवं तेवढं घ्या, पण खाली उतरायचं नाही आणि तळातलं काही हलवायचं नाही. तळाला त्याचा हात असतो, तो पुसायचा नाही. सासरे आदल्या पावसाळ्यात गेले होते. जाण्याआधीच्या उन्हाळ्यात त्यांनीच विहीर उपसली होती. वर्ष भरायला अवकाश होता, अजून मिरगही लागला नव्हता.

मी नवऱ्याला म्हटलं, "अरे, फूटव्हॉल्व्ह म्हणजे तळ का? तो तर तळापासून हातभर वर लोंबकळतोय."

तो म्हणाला, "आता तू वकिली नको करू. थोडे दिवस राहिलेत. कशाला तिला दुखवायचं?"

"आणि माझी आई?"

"तारीख थोडी पुढे घे ना यार. मोतीबिंदूच आहे, हार्ट नाहीये."

माझ्या तोंडावर आलं होतं, तुझ्या आईचं मन ते मन आणि माझ्या आईचा डोळा म्हणजे काय लिंबू आहे? बोलले नाही. बोलले असते तर तोही बोलला असता, आणि सकाळी पंप मलाच चालू करायचा होता.

मी आईला फोन केला. ती लगेच म्हणाली, "मगे रवांदे. पुढची तारीख मागून घेतय. तुझा पाणी येवंदे." कुरकुर नाही, रुसवा नाही. माणसं रुसली तर निदान भांडता तरी येतं. तिने डॉक्टरांना सांगून तारीख पुढे घेतली आणि मला म्हणाली, "हयसर माझा काय अडलेला नाय." अडलेलं नाही म्हणजे काय, तर गॅस पेटला की नाही ते ती आता कान लावून ऐकायची. हे मला तिच्या शेजारणीने सांगितलं.

मग मी पेटले. तळाला हात न लावता जे जे करता येईल ते सगळं केलं. पंपाचे जोड सुतळी आणि रंग लावून बंद केले. युट्यूबवर बघून वरच्या पाइपाला उलटी झडप बसवून घेतली. त्याने पंपाच्या वरचं पाणी धरलं, खालचं काही धरलं नाही. दुपारच्या उन्हात पंप तापतो म्हणून त्यावर गोणपाट टाकलं. गच्चीवर टाकीशेजारी पाइप उभा करून हवा बाहेर जायला वाट काढली. त्यामुळे नळ कमी खोकायला लागले, पण पाणी काही जास्त आलं नाही. मेजवानी देऊन पाहुण्याला बाहेर काढावं आणि त्याने मागच्या दाराने आत यावं, असं चाललं होतं. हवा शिरण्याचं कारण खाली होतं, ते मला माहीत होतं, प्लंबरला माहीत होतं, नवऱ्याला माहीत होतं आणि सासूबाईंनाही माहीत होतं. सगळ्यांना माहीत असलेल्या गोष्टीभोवती आम्ही चौघं फिरत होतो.

टाकी किती भरली ते बघायला मी गच्चीवर चढायचे. तिथून खाडीपलीकडचे बोरिवलीचे टॉवर दिसतात. जेट्टीवर फेरीबोट लागलेली असते, माणसं उतरतात, चढतात. तिकीट काढलं की पलीकडे, तिथून रिक्षा, स्टेशन, मग मुलुंड. मी तिथे उभी राहून बोटीत चढणाऱ्या बायका बघायचे. कुणाच्या हातात भाजीची पिशवी, कुणाच्या कडेवर मूल. कुणालाही अडवलेलं नव्हतं. खाली पंपाचा आवाज पातळ झाला की मी जिना धावत उतरायचे, नाहीतर सील जळलं असतं.

त्या दिवसांत मला सासूबाईंचा खरोखर राग यायचा. त्या वाईट वागत नव्हत्या, हीच पंचाईत होती. मी घामाघूम होऊन विहिरीवरून आले की ताकाचा पेला पुढे करायच्या. म्हणायच्या, "बस गो जरा." पण फूटव्हॉल्व्हचं नाव काढलं की तोंड मिटून मिरच्या खुडायला लागायच्या. मेलेल्या माणसाचा हात जपायचा, आणि जिवंत माणसाच्या हाताला पाना धरून घट्टे पडले ते कुणी बघायचं नाही. हे मी मनात म्हणायचे. एकदा तर मोठ्याने म्हणाले, पण तेव्हा पंप चालू होता.

दुसरी तारीख जवळ आली. आईचा फोन आला तेव्हा माझे हात पिठात होते, म्हणून मी फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला. सासूबाई बाजूलाच पाटावर बसून बोंबील साफ करत होत्या.

आई म्हणाली, "गो, पाणी इला काय?"

"येतंय, पण भरवसा नाही."

"मगे डॉक्टराक परत सांगतय. डॉक्टर म्हणता, लय पिकलो की मगे काढूक कठीण. पण बघूया. तू घोर करून घेव नको. माका अजून उजेड दिसता."

मी पीठ मळत राहिले. आईने "बरां तर" म्हणून फोन ठेवला. सासूबाईंची बोंबील साफ करणारी बोटं थांबली होती. "उजेड दिसते म्हंजे?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "म्हणजे फक्त उजेड दिसतो. बाकी काही नाही."

माझ्या डोळ्यांतून पाणी पिठात पडलं, आणि त्याची मला लाज वाटली नाही.

रविवारी सकाळी मी नेहमीप्रमाणे पाना घेऊन विहिरीवर गेले तर सासूबाई तिथे आधीच येऊन बसलेल्या. ओसरीपासून विहिरीपर्यंत त्या कशा आल्या असतील देव जाणे, सासरे गेल्यापासून तिकडे फिरकल्या नव्हत्या. बाजूला नारळ, हळदकुंकू. त्यांनी मला नवऱ्याला झोपेतून उठवायला लावलं आणि शेजारून त्याच्या चुलतभावाला बोलावलं. हा माझा दीर होडीवर जातो, अंगाने दणकट.

"पाइप वर काढा," सासूबाई म्हणाल्या.

नवरा बनियनवरच उभा होता. म्हणाला, "अगं आये, वरीस..."

"मना ठाव हाय वरीस. काढ."

त्यांनी नारळ फोडला, पाणी विहिरीत सोडलं, हळदकुंकू वाहिलं आणि हात जोडून काहीतरी पुटपुटल्या. तेवढंच. मग बाजूला सरकून बसल्या. मी अजूनही पाना धरून उभी होते. मला वाटत होतं, आता मी काही बोलले तर त्यांचं मन फिरेल.

दिराने पंपाजवळचा जोड खोलला, पाइपाला दोरीचा फास टाकला आणि दोघं ओढायला लागले. पहिल्याच ओढीला दीर म्हणाला, "हलका हाय रे. यात पानीच नाय." फूटव्हॉल्व्ह पाणी धरत असता तर पाइप भरलेला आला असता आणि दोघांना घाम फुटला असता. पाइप ओला होता, हिरवा होता, हातातून सटकत होता. मी टॉवेल आणून दिला. शेवटचं टोक कठड्याशी आलं तेव्हा आम्हाला ते काय आहे तेच कळेना. फूटव्हॉल्व्ह नव्हताच तिथे, डोक्याएवढा हिरवा बुळबुळीत गोळा होता. दिराने त्यावर बादली ओतली. शेवाळ निघालं आणि आतून निळा नायलॉन दिसला.

मासे धरायचं बारीक आसाचं, म्हणजे बारीक छिद्रांचं, जाळं होतं. दोन पदरी, तीन पदरी, फूटव्हॉल्व्हभोवती गुंडाळून वर पाइपाला आवळून बांधलेलं.

दीर हसायला लागला. "काकानंच केलाय ह्यो उद्योग."

सगळ्यांना एकदम उलगडलं. सासऱ्यांनी विहिरीत मासे सोडले होते. डासांची अंडी खातात म्हणून सोडले, मग त्यांच्याशी गप्पा मारायला लागले. ज्या माणसाने आयुष्यभर जाळी टाकली, टोपल्यांनी मासळी उतरवली, तो विहिरीतल्या माशांना भाताची शितं टाकायचा. पंप चालू असताना एखादा मासा पाइपात ओढला जाईल, ही त्याला भीती. फूटव्हॉल्व्हला लोखंडी जाळी असतेच, तिच्यातून मासा जाणार नाही हे दुकानदाराने सांगितलं असेल, पण दुकानदाराच्या जाळीवर कोळ्याने भरवसा का ठेवावा? त्यांनी स्वतःच्या जाळ्याचा तुकडा कापून वरून बांधला. शेवटच्या उपशाच्या वेळी. मग वर्षभरात त्या बारीक आसात शेवाळ धरलं, गाळ बसला, पाण्याला आत जायला वाट उरली नाही. पंप बिचारा ओढून ओढून वरच्या जोडांतून हवा खेचत होता. आणि जाळ्याचा एक सुटा धागा आत शिरून नेमका झडपेखाली अडकला होता, म्हणून झडप पुरती मिटत नव्हती आणि भरलेला पाइप हळूहळू रिकामा होत होता. एवढासा धागा. मी तो चिमटीत धरून बघितला. माझ्या आईच्या दोन तारखा त्याने खाल्ल्या होत्या.

दीर गाठ सोडवायला लागला. नखाने, मग दातांनी. "काकी, सुटत नाय."

"त्याची गाठ कवा सुटली नाय," सासूबाई म्हणाल्या. "वादलातपन नाय सुटली. आन हिकडं."

आम्ही पाइपाचं टोक त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी गाठीवर अंगठा ठेवला. एका बाजूने दुसऱ्या बाजूला फिरवला, परत आणला. नवरा तोंड फिरवून उभा राहिला. मला वाटलं, त्या म्हणणार, राहू द्या, तसंच सोडा परत. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला सासऱ्यांची, त्यांच्या हाताची, कशाचीही दया येत नव्हती. मला मुलुंडला जायचं होतं.

"कोयती दे गो," त्या मला म्हणाल्या.

मी धावत जाऊन मासळीची कोयती आणली. त्यांनी एका फटक्यात गाठ कापली. नायलॉन तुटल्याचा नीट आवाजही आला नाही. जाळ्याचा तुकडा त्यांनी पिळला, झटकला आणि मांडीवर घेऊन बसल्या.

पुढचं काम खरंच तासाभराचं होतं. झडप धुतली, रबर पुसलं, धागा काढला, पाइप सोडला, जोड आवळला. मी नरसाळं लावून पाणी ओतलं. पाणी काठाशी आलं आणि तिथेच थांबलं. मी वाट बघितली. ढळलं नाही. इतके महिने सरणारं पाणी बघायची सवय झालेली, त्यामुळे ते स्थिर पाणी बघताना मला जरा भीतीच वाटली. बटण दाबलं. पंपाने लगेच जड आवाज धरला. मोरीतला नळ एकदा खोकला आणि मग धो धो सुटला. टाकी भरून वाहायला लागली तरी मी पंप बंद केला नाही. वाहू दे म्हटलं.

नवरा म्हणाला, "झकास. मग आता तू जा मुलुंडला. पण चार दिवसांत ये हां, इकडे सगळं..."

मी त्याच्याकडे बघितलं. तो बादली उचलून आत गेला.

सासूबाईंना मी बटण दाखवलं. पंपाचं बटण विहिरीवरून काढून ओसरीच्या भिंतीवर घेतलं होतं, वायरमनने त्याच संध्याकाळी येऊन करून दिलं. हिरवं दाबलं की चालू, लाल दाबलं की बंद, टाकीचं पाणी पन्हाळीतून पडायला लागलं की लाल दाबायचं. त्यांनी दोनदा करून बघितलं. मी फेरीबोटीत बसले तेव्हा माझ्या मागे कुणी हाक मारेल असं सारखं वाटत होतं. बोट सुटली तरी वाटत होतं. बोरिवली स्टेशनवरून मी घरी फोन करून विचारलं, सगळं ठीक ना. सगळं ठीक होतं. त्याचंही मला बरं वाटलं नाही. इतके दिवस माझ्यावाचून अडलेलं घर एका बटणाने चालायला लागलं होतं.

आईचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली, तिने पहिल्यांदा छताच्या पंख्याकडे बघितलं आणि म्हणाली, "किती मळलोहा गो ह्यो." मग माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "बारीक झालंस."

दुपारी सासूबाईंचा फोन आला. मला वाटलं, पंप बिघडला. पण त्यांनी मला विचारलं, "आय कशी हाय?" मी म्हटलं, बरी आहे, दिसायला लागलंय. "दे बगू तिच्याकडं."

मी फोन आईच्या कानाला लावला. एक कोळी बोलणारी, एक मालवणी बोलणारी, दोघी एरवी सणासुदीलाच बोलतात आणि तेही जेवलात का, बरे आहात का, यापलीकडे जात नाहीत. आज आई नुसती ऐकत होती. मधूनच "होय गे" म्हणायची. एकदा म्हणाली, "माका ठावकच नव्हता." शेवटी म्हणाली, "नाय नाय, तसा काय मनात धरू नको," आणि फोन माझ्याकडे दिला. तोपर्यंत तो बंद झाला होता.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

आई उशीला टेकली. डोळा पुसायला तिचा हात वर गेला, तो मी धरला. हात लावायचा नव्हता.

"तिची आय वारली तेव्हा ती खय होती ठाव हा?" आई म्हणाली. "थयच, तुमच्या बावीर, पाणी शेंदीत. आय मढ गावात, पलीकडेच. निरोप सकाळीच इल्लो. तिची सासू म्हणाली, पाणी भरून झाला की जा. घरात लगीन होता, शंभर माणसांचा पाणी. ती शेंदीत रवली. भरून झाल्यावर गेली, तेव्हा सगळा आटापला होता."

मी थेंबांची बाटली हातात घेतली.

"कोणाक सांगूक नाय कधी, घोवाकपण नाय, असा म्हणता. आणि म्हणता, सुनेक सांग, चार दिवस नको, आठ रव. पाणी मी बघतय."

थेंब घालायची वेळ झाली होती. मी बाटली उघडली, आईची खालची पापणी अलगद ओढली आणि म्हटलं, "हलू नकोस." आई हलत नव्हती. पहिला थेंब तिच्या गालावर पडला, दुसराही. तिसऱ्या वेळी तिनेच माझं मनगट धरून बाटली स्थिर केली.